अडेनियम : लठ्ठ कण्हेरीची नागपूरपर्यंतची वाट

नागपुरात अडेनियम उन्हाने मेलेले मी आजवर पाहिलेले नाही. मे महिन्यात पारा ४५-४६ अंशांवर असतो, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस, लागलेला असतो, गच्चीच्या फरशीवर अनवाणी पाय टेकवत नाही, आणि त्याच गच्चीवर हे झाड गुलाबी फुलांनी भरून जाते. मरते ते जुलै-ऑगस्टमध्ये. आधी दोन-चार पाने पिवळी पडतात, मग एखादी फांदी मान टाकते, आणि बुंध्याला बोट लावले की ते पिकलेल्या पपईत रुतावे तसे आत जाते. हे का घडते ते समजायला 'अमुक करा, तमुक करू नका' अशी यादी पुरत नाही. झाड कुठले, कुणाच्या कुळातले, इथून सुरुवात करावी लागते.

रोपवाटिकेत ते 'डेझर्ट रोज' नाहीतर 'वाळवंटी गुलाब' म्हणून विकले जाते. या नावाने त्याचे फार नुकसान केले आहे. गुलाब म्हटले की माणूस रोज सकाळी तांब्याभर पाणी घालतो. प्रत्यक्षात गुलाबाशी त्याचे काही नाते नाही. ते कण्हेरीच्या कुळातले आहे. तगर, पांढरा चाफा, सदाफुली, आणि रस्त्याकडेची रुईसुद्धा त्याच घरातली. पान तोडून पाहा, चीक येतो. कण्हेर खाणाऱ्या पतंगाची ती जाडजूड हिरवी अळी, डोक्यामागे निळे डोळे असलेली, अडेनियमवरही येते आणि दोन रात्रींत झाड बोडके करते. हे नाते तिला आपल्यापेक्षा नेमके कळलेले आहे.

शास्त्रज्ञांनाही ते पहिल्याच भेटीत कळले होते, आणि ती कथा मोठी करुण आहे. डेन्मार्कचा राजा पाचवा फ्रेडरिक याने अरबस्तानाचा अभ्यास करण्यासाठी एक मोहीम पाठवली. १७६१ च्या जानेवारीत सहा जण कोपनहेगनहून निघाले. त्यांत वनस्पतींचे काम पीटर फोर्सकोल याच्याकडे होते. हा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचा शिष्य. इजिप्त करून ही मंडळी येमेनमध्ये पोहोचली आणि तिथल्या डोंगरांत फोर्सकोलने झपाटल्यासारखे काम केले. स्थानिक माणसांकडून झाडांची अरबी नावे विचारून तो ती टिपून ठेवी. जुलै १७६३ मध्ये येमेनमधल्याच यारिम गावी हिवतापाने त्याचा मृत्यू झाला. वय होते ३१. मोहिमेतला भाषातज्ज्ञ फॉन हाव्हेन त्याच्या आधीच मोखा बंदरात वारला होता. उरलेले चौघे जहाजाने मुंबईकडे निघाले. त्यांतला चित्रकार आणि नोकर वाटेत समुद्रावरच मरण पावले आणि वैद्य क्रामर १७६४ मध्ये मुंबईत वारला.

राहिला एकटा कार्स्टन नीबूर, मोहिमेचा नकाशे काढणारा. तो वर्षभराहून अधिक काळ मुंबईत होता. त्या काळात त्याने घारापुरीच्या लेण्यांची मापे घेतली, चित्रे काढली. १७६७ मध्ये तो कोपनहेगनला परतला, मेलेल्या मित्राची टिपणे जुळवली आणि १७७५ मध्ये ती पुस्तकरूपाने छापली. इजिप्त आणि अरबस्तानाच्या वनस्पतींच्या त्या ग्रंथात आपले हे झाड पहिल्यांदा आले. नाव होते 'नेरियम ओबेसम'. नेरियम म्हणजे कण्हेर, ओबेसम म्हणजे लठ्ठ. लठ्ठ कण्हेर! इतके सरळ आणि खरे नाव पुढे कुणाला सुचले नाही. १८१९ मध्ये रोमर आणि शुल्टेस या दोघांनी त्याला कण्हेरीपासून वेगळे काढून स्वतंत्र प्रजाती केली आणि येमेनमधल्या अदन बंदरावरून 'अडेनियम' म्हटले, तेच आज रूढ आहे. कुंडीवरच्या चिठ्ठीत 'अडेनियम ओबेसम' वाचताना मला दर वेळी यारिममधला तो तरुण आठवतो.

नोंद अरबस्तानातून झाली, तरी झाडाचे खरे घर आफ्रिका. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला सेनेगलपासून सुदानपर्यंत जो रुक्ष पट्टा आहे, ज्याला साहेल म्हणतात, तिथून ते इथिओपिया, सोमालिया, केनिया, टांझानियापर्यंत पसरलेले आहे. त्याची भावंडे त्याहून खाली दक्षिण आफ्रिकेपर्यंत जातात, आणि सोकोत्रा बेटावरचे भावंड तर कित्येक फूट उंच, हत्तीच्या पायासारख्या बुंध्याचे असते. साहेलचे नाव वऱ्हाडी माणसाला परके वाटेल, पण आपली ज्वारी मूळची त्याच पट्ट्याकडची. चिंचही आफ्रिकेची. गुलमोहर आणि सदाफुली मादागास्करची. भाकरीपासून रस्त्याच्या सावलीपर्यंत आफ्रिकेचे पाहुणे नागपुरात केव्हाच घरचे झालेले आहेत. अडेनियम त्यातले अगदी अलीकडचे.

साहेलमध्ये पाऊस तीन-चार महिने, तोही २०० ते ६०० मिलिमीटर. बाकी वर्ष कोरडे. जमीन खडकाळ, रेताड, पाणी थांबतच नाही. अशा ठिकाणी झाडाने बुंध्यातच टाकी बांधली. पाऊस आला की ती भरून घ्यायची, पाऊस गेला की पाने टाकून द्यायची आणि साठ्यावर जगायचे. निष्पर्ण फांद्यांवर फुले येतात ती याच कोरड्या काळात.

आता नागपूर पाहा. ऊन तेच, लांबलचक कोरडा काळही तोच. पण पाऊस सुमारे ११०० मिलिमीटर, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. माती काळी, पाणी धरून ठेवणारी, भिजली की फुगणारी. बुंध्यातली टाकी आधीच भरलेली असते आणि मुळे महिनाभर चिखलात बसतात. मुळांना हवा मिळत नाही, बुरशी शिरते, टाकी आतून कुजते. या झाडाचे नागपुरातले सगळे दुखणे एवढ्यात आले.

माझे पहिले अडेनियम असेच गेले. पावसाळ्यात त्याची पाने पिवळी पडू लागली तेव्हा मला वाटले, पाणी कमी पडतेय; म्हणून उघडीप असली की मी वरून आणखी पाणी घालत होते. काटोलकडचे एक संत्रा बागायतदार काका घरी आले होते. त्यांनी कुंडीत बोट खुपसले, वासही घेतला, आणि म्हणाले, "बाई, याले तुमी पानी पाजून पाजून मारलं. याले ताण द्याचा असते."

ताण हा शब्द मी संत्र्याच्या संदर्भात लहानपणापासून ऐकत होते. आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस येणारा फुलोरा, घ्यायचा तर डिसेंबर-जानेवारीत बागेचे पाणी तोडतात. पावसाळ्याच्या सुरुवातीच्या मृग बहारासाठी तेच उन्हाळ्याच्या अखेरीस. पाने मलूल होतात, काही गळतात, झाड थांबते. मग ताण तोडून खत-पाणी दिले की बाग फुलाने फुटते. हलक्या जमिनीत ताण थोडके दिवस, भारी काळ्या जमिनीत जास्त दिवस. पावसाळ्यात बागेत चर काढून पाणी वाहते करतात, खोडातून डिंक गळण्याचा रोग, डिंक्या, लागू नये म्हणून खोडाला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावतात. इतकी सगळी समज विदर्भातल्या शेतकऱ्याच्या हाताशी आहे आणि अडेनियमला नेमकी तीच हवी आहे. परदेशी झाड म्हणून आपण परदेशी सल्ला शोधतो, हे मला काकांच्या त्या एका वाक्याने दाखवले.

तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे. डिसेंबर-जानेवारीत पाणी जवळपास बंद. नागपूरची थंडी कमी समजू नये. २०१८ च्या २९ डिसेंबरला पारा ३.५ अंशांवर उतरला होता. दहा अंशांच्या खाली या झाडाला बोचायला लागते, म्हणून त्या दिवसांत कुंड्या दक्षिणेकडच्या भिंतीला टेकून, जिथे दिवसभराची ऊब भिंतीत राहते. पाने गळतात. गळू द्यावीत. फेब्रुवारीच्या मध्यावर छाटणी आणि कुंडीबदल. दर वेळी झाड बोटभर वर उचलून लावायचे, म्हणजे फुगीर मुळे उघडी पडतात आणि ते पिळदार रूप येते. मात्र नुकतीच उघडी पडलेली मुळे थेट उन्हात भाजतात, दोन आठवडे हिरव्या जाळीखाली ठेवावीत. उन्हाळ्यात माती कोरडी झाली की संध्याकाळी भरपूर पाणी. फुलोरा एप्रिल-मे मध्ये ऐन भरात.

मातीबद्दल थोडे अधिक सांगते, कारण निम्मी लढाई तिथेच आहे. काळी माती मुळीच नको. मी जाड रेती, विटांचे बारीक तुकडे, थोडे जुने शेणखत, मूठभर निंबोळी पेंड आणि धानाचा जळका तूस असे मिसळते. भंडारा-गोंदियाकडे भात गिरण्या असल्याने तुसाला तोटा नाही. थायलंडचे बागवानही भाताचा तूस वापरतात, आणि आज जगभर जी रंगीबेरंगी अडेनियम दिसतात त्यांतली बरीचशी थायलंड आणि तैवानमध्येच घडली. जवळजवळ काळपट लाल, पिवळी, दुहेरी-तिहेरी पाकळ्यांची, सगळी तिकडच्या संकरांतून आलेली. आफ्रिकेच्या रानातले फूल साधे असते, पाच पाकळ्यांचे, कडेला गुलाबी आणि घशाकडे फिकट. मला अजून तेच सर्वांत आवडते.

पाऊस सुरू झाला की कुंड्या पत्र्याखाली, विटांवर उचलून. झडीत एक थेंबही पाणी नाही. बुंधा कुठे मऊ लागला तर वाट पाहू नये: स्वच्छ सुरीने पांढरा, टणक गर लागेपर्यंत कापत जायचे, बुरशीनाशक लावायचे आणि माती झटकून झाड दोन आठवडे सावलीत कोरडे ठेवायचे. निम्मा बुंधा कापलेले झाड असे वाचलेले आहे.

एक गोष्ट मात्र कुणी विकताना सांगत नाही आणि सांगायला हवी. हा चीक विषारी आहे, थेट हृदयावर काम करणारा. टांझानियातले हाडझा शिकारी अडेनियमचा रस आटवून बाणांच्या टोकांना लावतात. छाटणीनंतर हात साबणाने धुवावेत, डोळ्याला लावू नयेत. घरात रांगते मूल असेल तर कुंडी त्याच्या हाताला लागेल अशी ठेवू नये. अंगणात कण्हेर असलेल्या घरांना हे नवे नाही. आजी आम्हाला कण्हेरीचे पान तोंडात घालू देत नसे.

यंदा माझ्या जुन्या झाडाला शेंगा धरल्या आहेत. जोडीने येतात, म्हशीच्या शिंगांसारख्या. फुलाचा घसा इतका अरुंद की आपल्याकडे परागीकरण क्वचितच आपोआप होते. मी बारीक कुंचल्याने केले होते. रुईच्या म्हातारीला एका टोकाला केस असतात, याच्या बीला दोन्ही टोकांना असतात, त्यामुळे शेंग तडकली की वाऱ्यावर सगळे जाते. म्हणून शेंगांना दोरा गुंडाळून ठेवला आहे. बी ताजे असले की आठवड्याच्या आत उगवते. फांदी लावून केलेल्या झाडाला असा फुगीर बुंधा सहसा येत नाही, बीपासूनच्या रोपाला येतो. फूल मात्र आईसारखेच येईल याची खात्री नाही. संकरित झाडाचे गुण जसेच्या तसे हवे असतील तर संत्र्याचा डोळा जंबेरी लिंबाच्या खुंटावर भरतात तसे कलमच करावे लागते. मला यातली निम्मी रोपे तशीच वाढू द्यायची आहेत.