केबिन एक, पोचणार वेगवेगळे: क्रूझचं चेक-इन, पात्रता आणि कागदपत्रं

सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझवर ताईचं आणि माझं एकाच केबिनचं बुकिंग होतं. ताई नाशिकहून मुंबईमार्गे आदल्या रात्री पोचणार, मी दुबईहून त्याच दिवशी सकाळी उतरणार. निघायला पंधरा दिवस असताना तिचा फोन आला, "अगं, तू आल्याशिवाय मला आत सोडतील ना? का बॅगा सांभाळत दारात बसू?"

सोडतात. केबिन दोघांची असली तरी चेक-इन माणशी होतं. हॉटेलात ज्याच्या नावावर खोली, त्याने रजिस्टरवर सही केली की बाकीचे मागोमाग आत जातात, म्हणून इथेही तसंच असेल असं आपण धरून चालतो. क्रूझचं काम विमानासारखं चालतं. जहाज एका देशातून निघून दुसऱ्या देशाच्या बंदराला लागतं, त्यामुळे प्रवाशांची नावनिशीवार यादी सुटण्याआधी सरकारी यंत्रणेकडे जावी लागते. अमेरिकेतून निघणाऱ्या जहाजाला ही यादी सुटण्याच्या किमान ६० मिनिटं आधी द्यावी लागते. त्या यादीत तुमची ओळ वेगळी, तुमच्या सोबतिणीची वेगळी. एकीची ओळ पूर्ण झाली आणि दुसरीची राहिली, तर पहिलीचं काही अडत नाही. पण तिला आत घेतलं म्हणजे दुसरीचंही झालं, असंही होत नाही.

दोघांत सामाईक असतात त्या गोष्टी मोजक्याच: बुकिंग क्रमांक, केबिन क्रमांक, जेवणाची वेळ आणि भाडं. बोर्डिंग पास, फोटो, पासपोर्टची नोंद, आरोग्याची प्रश्नावली, आणीबाणीत कोणाला फोन करायचा त्याचं नाव, हे सगळं ज्याचं त्याचं.

आधी बुकिंग क्रमांक मिळवा

आपल्याकडे बरीच बुकिंगं एजंटकडून होतात आणि गाडी नेमकी इथेच अडते. आमच्या एजंटने पाठवलेल्या कागदावर मोठ्या अक्षरांत एक क्रमांक होता. ताई दोन दिवस तो अ‍ॅपमध्ये घालत राहिली आणि अ‍ॅप 'बुकिंग सापडलं नाही' म्हणत राहिलं. तो एजंटच्या बिलाचा क्रमांक निघाला. आपल्याला हवा असतो तो जहाज कंपनीने दिलेला आरक्षण क्रमांक. तो एजंटकडे मागून घ्या आणि केबिनमधल्या प्रत्येकाला पाठवा. एकाच्याच फोनमध्ये ठेवू नका.

एजंटशी बोलाल तेव्हाच आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. बुकिंगमध्ये तुमची जन्मतारीख काय टाकली आहे आणि नाव कसं लिहिलं आहे? अ‍ॅपला तुमचं बुकिंग सहसा आडनाव, जन्मतारीख आणि आरक्षण क्रमांकावरून सापडतं. तारखेत दिवस-महिन्याची अदलाबदल झाली असेल तर सगळं बरोबर भरूनही दार उघडत नाही.

नावाचा प्रश्न आपल्या बायकांना जास्त छळतो. पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि पुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, आडनाव वेगळ्या रकान्यात. कुणाच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव असतं आणि बुकिंग मात्र सासरच्या आडनावाने झालेलं असतं. पासपोर्ट समोर धरून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. दुरुस्ती असेल तर ती चेक-इन करण्याआधी एजंटकडूनच करून घ्या, बंदरावरच्या खिडकीत त्यासाठी वेळ नसतो.

ऑनलाइन चेक-इन

ऑनलाइन चेक-इन कधी सुरू होतं हे कंपनीगणिक बदलतं. रॉयल कॅरिबियनचं चेक-इन सुटण्याच्या ४५ दिवस आधी सुरू होतं, नॉर्वेजियनचं २१ दिवस आधी. शक्यतो सुरू झाल्याच्या दिवशीच करून टाका, कारण बंदरावर येण्याची वेळ त्यातच निवडायची असते आणि सोयीच्या वेळा पटापट भरतात.

दोन पद्धती आहेत. एक म्हणजे एकीने आपल्या खात्यातून केबिनमधल्या सगळ्यांचं भरायचं. त्यासाठी सगळ्यांचे पासपोर्ट आणि फोटो तिच्याजवळ हवेत. दुसरी म्हणजे प्रत्येकीने स्वतःचं खातं उघडून, तेच बुकिंग जोडून, आपापलं भरायचं. तुम्ही वेगवेगळ्या गावांहून येणार असाल तर माझं ठाम मत दुसऱ्या पद्धतीच्या बाजूने आहे. बंदरावर फोन उघडून बोर्डिंग पास दाखवायचा असतो आणि तो दुबईतल्या बहिणीच्या फोनमध्ये असून नाशिकच्या ताईला काय उपयोग? साठीच्या पुढच्या माणसाला अ‍ॅपची भीती वाटत असेल तर भरून तुम्ही द्या, पण पास कागदावर छापून त्यांच्या हातात ठेवा. सोबत बॅगांचे टॅगही छापा आणि ज्याचे त्याला द्या. टॅगवर नाव आणि केबिन क्रमांक असतो, आणि त्यावरूनच बॅग केबिनच्या दारापर्यंत येते.

पासपोर्टचा फोटो अ‍ॅपमध्ये काढताना ताईचा फोटो चार वेळा नाकारला गेला. स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा बरोबर पासपोर्टच्या खालच्या दोन ओळींवर पडत होता. बाणासारख्या खुणांनी भरलेल्या त्या ओळीच यंत्र वाचतं. गॅलरीत दिवसाच्या उजेडात, काळ्या कापडावर पासपोर्ट ठेवल्यावर पहिल्याच फटक्यात झालं. स्वतःचा फोटो काढताना टोपी आणि गॉगल नको. जहाजावर चढता-उतरताना दरवेळी पडद्यावर तोच फोटो दिसतो.

येण्याची वेळ निवडताना मात्र दोघींनी आधी बोलून घ्या. जिचं विमान उशिरा उतरणार तिने मागची वेळ घ्यावी, आधी पोचणारीने दुपारची पहिली. एकीची वाट बघत दुसरीने आपली वेळ चुकवायचं काहीच कारण नाही.

पैसे: कार्ड कोणाचं?

जहाजावर रोखीचे व्यवहार जवळजवळ नसतात. खोलीच्या कार्डावर खर्च चढत जातो आणि शेवटी वसूल होतो. चेक-इनमध्ये विचारलं जातं की केबिनमधल्या दोघांचा खर्च एकाच बँक कार्डावर घ्यायचा की वेगवेगळ्या. हा प्रश्न घाईत पुढे ढकलू नका. मैत्रिणी, सहकारी, चुलत भावंडं असाल तर वेगळं कार्ड जोडा, हिशेब स्वच्छ राहतो. नवरा-बायको किंवा आई-मुलगी असाल तर एक पुरतं, पण ज्याचं कार्ड त्यानेच ते जोडावं. बऱ्याच कंपन्या प्रत्येक माणसाच्या खात्यावर रोजची सेवा-रक्कम (कर्मचाऱ्यांची टिप) आपोआप लावतात, तीही त्याच कार्डावर जाते.

भारतीय कार्डाबाबत एक काळजी घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२० पासूनच्या नियमाने नवीन कार्डावर परदेशातले व्यवहार मुळात बंद असतात, ते बँकेच्या अ‍ॅपमधून आपण स्वतः चालू करायचे असतात. घरी असताना, भारतातलं सिम चालू असताना करा. ओटीपी त्याच नंबरवर येणार.

पात्रता: कोण एकटं चेक-इन करू शकतं?

सज्ञान माणसाला अडचण नाही. मुलांचं चेक-इन मोठ्यांनीच करायचं असतं आणि मुलं त्यांच्याच सोबत चढतात. वयाची अट केबिनला लागते. रॉयल कॅरिबियनच्या आशिया आणि युरोपातल्या सफरींवर केबिनमध्ये किमान एक जण १८ वर्षांचा लागतो, उत्तर अमेरिकेतून निघणाऱ्या सफरींवर २१ वर्षांचा. लागूनच्या केबिनमध्ये आईवडील असतील तर सूट मिळते. म्हणून आजी-आजोबा एका केबिनमध्ये आणि नातवंडं दुसऱ्या, असा बेत असेल तर बुकिंगमध्ये कोण कुठे आहे ते आधी पाहा.

मूल एकट्या आईसोबत, आजीसोबत किंवा मावशीसोबत जाणार असेल तर जे पालक सोबत नाहीत त्यांचं नोटरी केलेलं संमतीपत्र आणि मुलाच्या जन्मदाखल्याची प्रत जवळ ठेवा. चेक-इनच्या अ‍ॅपमध्ये ते मागितलं नाही म्हणून लागणार नाही असं समजू नका. ते खिडकीवर विचारलं जातं.

तान्ह्या बाळाला बहुतेक सफरींवर किमान सहा महिने पूर्ण हवेत, लांबच्या समुद्रप्रवासाला बारा. गरोदर बाईला सफर संपेपर्यंत २४वा आठवडा लागता कामा नये, आणि किती आठवडे झाले याचं डॉक्टरांचं पत्र सोबत हवं. ही अटही माणशीच आहे. तिला थांबवलं तरी तिच्या केबिनमधल्या दुसऱ्या माणसाला जाता येतं.

कागद: एकाच खोलीत वेगळे असू शकतात

सिंगापूरहून निघायचं तर प्रत्येकाचा पासपोर्ट प्रवास संपल्यावर पुढे सहा महिने चालणारा हवा. भारतीय पासपोर्टवर सिंगापूरचा व्हिसा लागतो. जहाज मलेशिया किंवा थायलंडला जाऊन परत सिंगापूरलाच येतं, म्हणजे तुम्ही देशात दोनदा शिरता. व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे का, ते छापील कागदावर बोट ठेवून वाचा. सिंगापूरचं आगमन-कार्ड पोचण्याच्या दिवसासह शेवटच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं आणि ते फुकट असतं. पैसे मागणाऱ्या संकेतस्थळावर भरू नका. क्रूझवरून परत येतानाही ते पुन्हा भरायचं. वाटेतल्या देशांचे नियम ज्याने त्याने आपल्या पासपोर्टप्रमाणे पाहावेत. ताई भारतातून आली, मी आखातातून, पण दोघींचा पासपोर्ट भारतीय, म्हणून नियम एकच लागला.

मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपच्या देशांतर्गत सफरीला पासपोर्टची गरज नाही. प्रत्येकाचं मूळ सरकारी फोटो ओळखपत्र लागतं. घरातल्या कुणाकडे परदेशी पासपोर्ट असेल तर त्याने पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते) किंवा व्हिसा आणायचा. बॅलार्ड पिअरच्या नव्या मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं. लोकलने येणाऱ्यांना सीएसएमटी सोयीचं.

अमेरिकेतल्या आपल्या घरांत याची खरी परीक्षा होते. मायामी किंवा गॅल्व्हस्टनहून निघून तिथेच परतणाऱ्या सफरीवर एकाच केबिनमध्ये पर्यटक व्हिसावर आलेली आजी आणि अमेरिकन नागरिक असलेली दहा वर्षांची नात असू शकते. नातीला जन्मदाखला पुरतो, आजीला पासपोर्ट आणि पुन्हा प्रवेश देणारा चालू व्हिसा लागतो. ग्रीन कार्डवाल्याने, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना असलेल्याने, भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड दोन्ही न्यावं. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांपैकी ज्यांच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपला आहे, त्यांनी विशेष सावध राहावं. मेक्सिको किंवा कॅनडाला तीस दिवसांच्या आत जाऊन यायला आय-९४ च्या (अमेरिकेत शिरल्याच्या सरकारी नोंदीच्या) आधारे, संपलेल्या शिक्क्यावरही परत येण्याची जी सवलत मिळते, ती कॅरिबियन बेटांसाठी एच-१बी वाल्यांना मिळत नाही. ती बेटांची सवलत एफ (विद्यार्थी) आणि जे (देवाणघेवाण कार्यक्रम) व्हिसावाल्यांना आहे. एकाच्या कागदांवरून दुसऱ्याच्या कागदांचा अंदाज बांधू नका.

बंदरावर त्या दिवशी

सिंगापुरात दोन क्रूझ टर्मिनल आहेत. एक मरीना बे क्रूझ सेंटर, त्याच्या जवळचं मेट्रो स्टेशन मरीना साउथ पिअर. 'मरीना बे' नावाचं स्टेशन त्याच्या एक आधी आहे, नावाला भुलून तिथे उतरू नका. दुसरं सिंगापूर क्रूझ सेंटर, हार्बरफ्रंटला. वेगवेगळे येणार असाल तर टर्मिनलचं पूर्ण नाव बोर्डिंग पासवरून वाचून एकमेकींना पाठवा, नुसतं 'क्रूझ टर्मिनल' म्हणून टॅक्सीत बसू नका.

आत क्रम असा: बॅगा सोपवा, तपासणी, कागदांची खिडकी, इमिग्रेशन, मग जहाज. खिडकीवर "माझी बहीण मागून येतेय" एवढं सांगून ठेवा. तिथली मुलगी मान डोलावते आणि तुमचंच काम करते, तुम्हाला थांबवत नाही. औषधं, पासपोर्ट, दागिने आणि बदलायचा एक कपडा हातातल्या पिशवीत ठेवा. सोपवलेली बॅग केबिनपाशी यायला संध्याकाळ होऊ शकते, आणि सोबतीण आलीच नाही तर तिची वस्तू तुमच्या बॅगेत समुद्रावर निघून जाते. ताईकडे माझी मायग्रेनची गोळी होती, म्हणून हे सांगते.

चढण्याची शेवटची वेळ म्हणजे सुटण्याची वेळ नव्हे. ती साधारण ६० ते ९० मिनिटं आधी संपते आणि त्यानंतर कोणाच्या विनवणीने काही होत नाही. माझं विमान त्या दिवशी वेळेवर उतरलं. तरीही सांगते, मी केलं तसं करू नका, आदल्या दिवशी पोचा. एक जण आलाच नाही तर दुसरा जाऊ शकतो, पण न आलेल्याचं भाडं सहसा परत मिळत नाही. आधीच माघार घ्यायची असेल तर रद्द करण्यापूर्वी एजंटला विचारा. भाडं दोन माणसं धरून असतं, त्यामुळे राहिलेल्या एकटीला पूर्ण केबिनचे पैसे लागू शकतात.

जहाजावर गेल्यावर सुरक्षा कवायतही (आणीबाणीत कुठे जमायचं, काय करायचं याचा सराव) माणशी मोजली जाते. १ जानेवारी २०१५ पासून ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच घेणं आंतरराष्ट्रीय नियमाने सक्तीचं आहे. आधी गेलेलीने ती उरकली म्हणून नंतर आलेलीची सुटका नाही. दोघींना आपापलं कार्ड दाखवून हजेरी लावावी लागते.

मी केबिनपाशी पोचले तेव्हा साडेतीन वाजले होते. दाराबाहेर माझ्या नावाचं पाकीट तसंच होतं, आत माझं कार्ड. ताईने तिचं घेतलं होतं आणि माझ्या पाकिटाला हातही लावला नव्हता. दार उघडून म्हणाली, "ये. चहा मिळतो अकराव्या मजल्यावर, मी बघून आलेय."