चंद्राला सुरुंग कुठे लावायचा?

‘स्पेस : १९९९’ ही ब्रिटिश मालिका १९७५ची. दोन हंगाम, ४८ भाग. आज ती पहिल्यापासून एकेक भाग करून बघायला घेतली तर ‘ब्रेकअवे’ या पहिल्याच भागात पाय अडकतो, आणि अडकायलाच हवा, कारण उरलेले ४७ भाग त्यातल्या एकाच स्फोटावर उभे आहेत. १३ सप्टेंबर १९९९ला चंद्रावर साठवलेला अणुकचरा फुटतो आणि चंद्र, त्यावरच्या तळातल्या ३११ माणसांसकट, पृथ्वीला सोडून चालता होतो.

सुरुवातीलाच पडद्यावर अक्षरं येतात : चंद्राची अंधारी बाजू. चंद्राला अशी कायमची अंधारी बाजू नसते. आपल्याला न दिसणारी, पलीकडची बाजू असते, आणि अमावास्येला सगळं ऊन तिकडेच पडलेलं असतं. कचऱ्याचंही तसंच, तो बॉम्बसारखा फुटत नाही. वापरून झालेल्या इंधनात विखंडन होऊ शकेल असं युरेनियम आणि प्लुटोनियम मिळून दोनेक टक्के उरतं. बॉम्बला नव्वद टक्क्यांच्या आसपास लागतं. कचरा तापतो, गळतो, टाकी फोडतो. सोव्हिएत रशियात मायाक इथे १९५७मध्ये थंड ठेवणारी यंत्रणा बंद पडून अशी टाकी फुटली होती, पण तो वाळलेल्या क्षारांचा रासायनिक स्फोट होता, अणुस्फोट नव्हे.

ते सोडून देऊ. स्फोट झाला असं धरू. खरी गंमत त्याच्या जागेत आहे.

चंद्र सेकंदाला १.०२ किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती फिरतो. पंचांग चाळणाऱ्यांना हा वेग दुसऱ्या रूपात माहीत असतो : रोज साधारण एक नक्षत्र, १३ अंश, पूर्वेकडे. (हे सरकणं पंचांगात चोख असतं. चंद्र मूळ नक्षत्रात असताना जन्मलेली मुलगी सासऱ्याला वाईट, हे मात्र कुठल्याच गणितात बसत नाही.) पृथ्वीपासून निसटायला चंद्राला आताच्या वेगाच्या १.४१ पट, म्हणजे १.४४ किलोमीटर वेग लागतो. फरक फक्त ०.४२चा. पण एवढ्यात भागतं ते चंद्र ज्या दिशेने चालला आहे त्याच दिशेने, मागून ढकललं तर.

चंद्राचं तोंड कायम आपल्याकडे, म्हणून त्याची पुढची आणि मागची बाजूही कायमची ठरलेली. पुढची मेअर ओरिएंटालेजवळ, मागची मेअर स्मिथीजवळ, अगदी कडेला (मेअर म्हणजे चंद्रावरचं काळपट मैदान). सुरुंग लावायचा तर स्मिथीपाशी. मालिकेत तो पलीकडच्या बाजूला आहे. ती जागा त्या बाजूच्या मधोमध धरली, तर धक्का सरळ पृथ्वीच्या दिशेने बसतो!

मग चंद्र आपल्या अंगावर पडतो का? नाही. त्याचा आडवा वेग तसाच्या तसा शिल्लक असतो. आत ०.४२ने ढकललं तर तो लंबवर्तुळात जातो, २ लाख ७३ हजार किलोमीटरपर्यंत जवळ येतो, परत लांब जातो, आणि हेच करत राहतो. निसटत नाही. आतल्या दिशेने ढकलून घालवायचं तर पूर्ण १.०२चा धक्का हवा. तेव्हा तो आधी पृथ्वीपासून १ लाख ९२ हजार किलोमीटरवरून जाईल, म्हणजे आताच्या निम्म्या अंतरावरून. भरतीचा जोर अंतराच्या घनाने बदलतो. तो आठपट होईल. आणि मगच चंद्र जाईल. तोही पृथ्वीपासून सुटेल इतकंच, सूर्याभोवती फिरत राहील.

आता ढकलतं कोण? पोकळीत रेटा द्यायला हवा नसते. उडालेला खडक एका बाजूला, चंद्र दुसऱ्या बाजूला, बंदुकीचा दणका खांद्याला बसतो तसं. पण सेकंदाला २.३८ किलोमीटरपेक्षा कमी वेगाने उडालेला दगड परत चंद्रावर पडतो आणि दिलेला धक्का फेडून घेतो. त्यामुळे वेग जास्त हवा. सोपा, ०.४२चा हिशोब घेऊ. खडक ३ किलोमीटर वेगाने, सगळा एकाच दिशेला उडवला, तर चंद्राचा जवळजवळ पाचवा हिस्सा उडवावा लागतो. १० किलोमीटर वेगाने उडवला तर चार टक्क्यांत भागतं, पण ऊर्जा लागते सुमारे १.५ × १०<sup>२९</sup> ज्यूल. अख्ख्या चंद्राचा भुगा करून तो विखरून टाकायला साधारण १.२ × १०<sup>२९</sup> पुरतात. म्हणजे मालिका पहिल्याच भागात संपायची.

हाच दणका लहान दगडावर मात्र उत्तम चालतो. २६ सप्टेंबर २०२२ला ‘डार्ट’ हे सुमारे ५८० किलोचं यान ६ किलोमीटर वेगाने डायमॉर्फसवर, म्हणजे एका मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या छोट्या लघुग्रहावर आदळलं. त्या लघुग्रहाची ११ तास ५५ मिनिटांची फेरी अर्ध्या तासाहून अधिक घटली. यानाच्या स्वतःच्या धक्क्यापेक्षा उडालेल्या धोंड्यांनी दिलेला धक्का मोठा होता.

पुढचे भाग भराभर बघावेत. ‘कोलिजन कोर्स’मध्ये चंद्र आणि एका ग्रहाच्या मध्ये सुरुंग फोडून लाटेने चंद्र बाजूला सारायचा बेत आहे, लाट जायला मध्ये काही असावं लागतं. दर भागाला नवा तारा, हेही तसंच : व्हॉयेजर-१ या यानाच्या वेगाने, सेकंदाला १७ किलोमीटरने, सर्वांत जवळच्या ताऱ्याएवढं अंतर कापायला ७५ हजार वर्षं लागतील.

‘द लास्ट सनसेट’पाशी पुन्हा थांबावं. त्यात परग्रहवासी छोटी यंत्रं पाठवून चंद्रावर हवा सोडतात आणि माणसं उघड्यावर फिरू लागतात. पृथ्वीवर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १० टन हवा असते. चंद्राचं गुरुत्व सहापट कमी, म्हणून तेवढाच दाब हवा असेल तर तिथे चौरस मीटरला ६२ टन रचावी लागते. पूर्ण चंद्राची बेरीज २.४ × १०<sup>१८</sup> किलो : आपल्या वातावरणाच्या जवळजवळ निम्मी हवा, त्या डबड्यांतून.