ईडेलच्या पायवाटा आणि 2031 ची मुदत : पार्श्वभूमी

डर्बीशायरमधल्या ईडेल गावाभोवती हिंडणाऱ्याच्या हातात 1:25,000 प्रमाणाचा नकाशा असेल, तर त्यावर हिरव्या तुटक रेघांचे जाळे दिसते. त्या रेघेवरून चालायला कोणाची परवानगी लागत नाही. वाट कोणाच्या गोठ्याला खेटून जावो की मेंढ्यांच्या कुरणातून, चालणाऱ्याचा हक्क पक्का असतो. ज्या वाटेवरून लोक पिढ्यान् पिढ्या गेले पण जिची रेघ कधी उमटलीच नाही, तिचे काय करायचे, हा इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतला गेल्या पंचवीस वर्षांचा वाद आहे. अशा वाटा नकाशावर नोंदवून घ्यायची 2031 ची मुदत, ती आधी 2026 कशी होती आणि मध्ये रद्द होता होता कशी राहिली, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

फार मागे जायची गरज नाही. ईडेलच्या खोऱ्यातल्या वस्त्या मध्ययुगातल्या गुराख्यांच्या गोठ्यांभोवती वाढल्या. अपर बूथ, बार्बर बूथ, नेदर बूथ ही त्यांची नावे आजही पाट्यांवर आहेत. चर्च, गिरणी, शेजारचा बाजार यांना जोडणाऱ्या वाटा माणसांनी आणि लादलेल्या घोड्यांनी पाडल्या. जेकब्स लॅडरची चढण ही अशाच लमाणी वाटेचा भाग. 19 व्या शतकात वरची सामायिक माळराने खासगी झाली, ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखली गेली, आणि किंडर स्काउटचे 636 मीटर उंचीचे पठार चालणाऱ्यांना बंद झाले. त्याच सुमारास, 1894 मध्ये, खोऱ्यात रेल्वे आली. एका बाजूला मँचेस्टर, दुसऱ्या बाजूला शेफिल्ड. गिरण्या-कारखान्यांत आठवडाभर राबलेल्या माणसाला रविवारी तासाभरात डोंगराच्या पायथ्याशी येता येऊ लागले, आणि डोंगर मात्र कुलुपात.

24 एप्रिल 1932 ला हेफिल्ड गावाच्या बाजूने काहीशे जण ठरवून किंडरवर चढले. राखणदारांशी झटापट झाली, पाच तरुणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. ही गोष्ट इंग्लंडमध्ये सर्वांना ठाऊक आहे आणि ती सांगायला हवीच. पण गावाभोवतीच्या पायवाटांचा विचार केला, तर त्याच वर्षी संमत झालेल्या एका रुक्ष कायद्याने जास्त काम केले. त्याची बातमी मोठी झाली नाही, त्यावर गाणी झाली नाहीत. लोक वीस वर्षे उघडपणे, दांडगाई न करता आणि परवानगी न मागता एखाद्या वाटेवरून जात असतील, तर मालकाने ती वाट लोकांना दिली असे धरायचे, हे तत्त्व 1934 पासून त्या कायद्याने लागू झाले. आपल्याकडे वहिवाट म्हणतात ती हीच. 1980 च्या महामार्ग कायद्यात हे तत्त्व आजही तसेच आहे. मालकाला ते टाळायचे असेल तर त्याने वेळीच पाटी लावावी किंवा स्थानिक प्रशासनाकडे तशी लेखी नोंद करावी.

वहिवाट सिद्ध करायची म्हणजे प्रत्येक वेळी साक्षीदार उभे करायचे. म्हणून 1949 च्या कायद्याने एक फार मोठे काम हाती घेतले. राष्ट्रीय उद्यानांचा कायदा म्हणूनच तो ओळखला जातो, कारण पीक डिस्ट्रिक्ट 1951 मध्ये पहिले राष्ट्रीय उद्यान झाले ते त्याखाली. पण त्याच कायद्यात एक कलम होते, की प्रत्येक काउंटीने, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाने, आपल्या हद्दीतल्या सगळ्या सार्वजनिक वाटांची पाहणी करून पक्का नकाशा आणि त्यासोबत तपशीलवार यादी तयार करावी. या नकाशाचे वैशिष्ट्य असे, की त्यावर वाट असेल तर हक्क आहे याचा तो निर्णायक पुरावा; मात्र वाट नसेल तर हक्क नाही असे त्यावरून ठरत नाही. पुढचा सगळा गोंधळ या वाक्याच्या उत्तरार्धातून निघाला.

पाहणी केली ती बहुतेक ठिकाणी गावच्याच माणसांनी. 1950 च्या सुरुवातीला पॅरिश कौन्सिलचे (तिथल्या ग्रामपंचायतीचे) सदस्य, शिक्षक, चालण्याची आवड असलेले कोणी, मैलाला सहा इंच प्रमाणाचे नकाशे घेऊन शिवारात फिरले. प्रत्येक वाटेला क्रमांक द्यायचा, कुठे फाटक आहे, कुठे गडग्यावरून ओलांडायच्या दगडी पायऱ्या आहेत, कुठे ओढ्यावर फळी टाकली आहे, हे फॉर्ममध्ये भरायचे. कच्चा मसुदा, मग हरकती, मग तात्पुरता नकाशा, मग जमीनमालकांच्या हरकती, मग अंतिम नकाशा. काही वर्षांत उरकेल अशी अपेक्षा होती. काही काउंट्यांना कित्येक दशके लागली.

हे काम फुकट, फावल्या वेळात आणि बऱ्याचदा उत्तम केलेले आहे. त्या अनामिक माणसांचे ऋण आज चालणारा प्रत्येक जण वाहतो. तरी त्यात भगदाडे राहिली, आणि ती कशी राहिली हे महत्त्वाचे आहे. एका गावाने वाट शिवेपर्यंत नोंदवली, पलीकडच्या गावाने नोंदवलीच नाही. परिणामी काही ठिकाणी नकाशावरची वाट शेताच्या मधोमध संपते. एकच पाणंद शिवेच्या अलीकडे घोडेवाट आणि पलीकडे नुसती पायवाट. काही कौन्सिलांत गावचा मोठा जमीनदारच बसलेला, त्याच्या समोर त्याच्याच कुरणातली वाट कोण मांडणार? कुठे उलट, वाट इतकी सर्वांच्या पायाखालची होती की ती लिहून ठेवायची गरजच कोणाला वाटली नाही. यातल्या एकाही कारणाने हक्क संपत नव्हता. इंग्लंडच्या कायद्यात एकदा सार्वजनिक झालेला रस्ता कायम सार्वजनिक राहतो.

मधल्या वर्षांत नोंदलेल्या वाटांचे भले झाले. ईडेलहून निघून स्कॉटलंडच्या हद्दीत कर्क येथोमला पोचणारी सुमारे 431 किलोमीटरची पेनाइन वे ही वाट 24 एप्रिल 1965 ला खुली झाली. तिची कल्पना 1935 मध्ये एका वर्तमानपत्री लेखात मांडली गेली होती. पठारावरच्या पीटमध्ये, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या मऊ, ओल्या थरात, पाय रुतून वाट इतकी रुंद आणि चिखलाची झाली, की पुढे तिची सुरुवात जेकब्स लॅडरकडे वळवली आणि पाडलेल्या कापडगिरण्यांच्या फरशा हेलिकॉप्टरने आणून डोंगरावर अंथरल्या. 1990 मध्ये नांगरटीचे नियम कडक झाले. शेतातून तिरपी जाणारी पायवाट नांगरली तर पहिल्या खेपेस चौदा दिवसांत आणि त्यानंतरच्या प्रत्येक कामावेळी चोवीस तासांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची, निदान एक मीटर रुंदीची. खांबावर पिवळा बाण म्हणजे पायवाट, निळा म्हणजे घोडेवाट.

मग आला 2000 चा कायदा. डोंगर, माळ, हेदरच्या झुडपांची पडीक जमीन आणि नोंदलेली सामायिक राने, मिळून इंग्लंडच्या सुमारे आठ टक्के भूभागावर वाट सोडून मोकळे हिंडायचा हक्क त्याने दिला. किंडरचे पठार त्यात आले. याच कायद्यात एक तारीख होती: 1 जानेवारी 2026. 1949 पूर्वीच्या ज्या पायवाटा आणि घोडेवाटा त्या दिवसापर्यंत पक्क्या नकाशावर नसतील, त्यांवरचा हक्क संपेल.

जमीनमालकांची बाजू समजण्यासारखी आहे. शेत विकत घेतलेल्या माणसाला पन्नास वर्षांनी कोणी जुना दस्त दाखवून अंगणातून वाट आहे म्हणाले, तर तो वैतागणारच. माळरानांवर मोकळीक, त्या बदल्यात शेतांबाबत निश्चिती, असा हा सौदा होता असे ते म्हणतात. पण सौद्यात ज्यांचे नुकसान व्हायचे ती गावे त्या टेबलावर नव्हती, हेही खरे. मोकळीक मिळाली ती उंच माळांना. तारखेने धोक्यात आल्या त्या घरामागच्या, शाळेकडे किंवा नदीकडे जाणाऱ्या सखल वाटा. 1951 मधल्या कारकुनी चुकीसाठी 2026 मधल्या माणसाचा हक्क जावा, हे न्यायाचे म्हणता येत नाही.

2008 पासून मालक, चालणारे, घोडेस्वार आणि स्थानिक प्रशासने यांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून तोडगा काढला: तारीख राहील, पण नोंदणीची पद्धत सोपी होईल. 2015 मध्ये त्यासाठी कायदा झाला. सोप्या पद्धतीचे नियम मात्र वर्षानुवर्षे रखडले आणि तारीख जवळ येत राहिली. 2020 मध्ये हजारो स्वयंसेवकांनी जुने आणि नवे नकाशे शेजारी ठेवून तपासले, तेव्हा इंग्लंड आणि वेल्समध्ये 49,000 मैलांहून अधिक वाटा नोंदीबाहेर असाव्यात असे दिसले. जुन्या नकाशावर वाट दिसली म्हणजे ती सार्वजनिकच असे नाही, त्यामुळे हा आकडा दाव्यांचा आहे, सिद्ध हक्कांचा नव्हे. तरीही नोंदलेले जाळे सुमारे 1,40,000 मैलांचे आहे, हे लक्षात घेतले की त्याचे वजन कळते.

यानंतरची धरसोड वेगाने झाली. फेब्रुवारी 2022 मध्ये तारीख रद्द करणार असे सरकारने जाहीर केले. मार्च 2023 मध्ये त्याच सरकारने शब्द फिरवून 1 जानेवारी 2031 ही नवी मुदत जाहीर केली. सत्ताबदलानंतर 26 डिसेंबर 2024 ला पुन्हा रद्द करण्याची घोषणा झाली. घोषणेने कायद्यातली तारीख पुसली जात नाही, त्याला संसदेतली दुरुस्ती लागते.

दरम्यान हजारो अर्ज काउंट्यांच्या कपाटांत पडून आहेत. अर्जदार बहुधा निवृत्तीनंतर हे काम अंगावर घेतलेला गावकरी. त्याला इन्क्लोजरचे (सामायिक जमिनी खासगी करतानाचे) निवाडे, 1836 नंतरचे टाइथ (चर्चच्या दशांश कराचे) नकाशे, रेल्वेसाठी काढलेले आराखडे आणि 1910 च्या जमीन-मूल्यांकनाची कागदपत्रे शोधावी लागतात; त्या मूल्यांकनात वाटेपायी किंमत कमी धरून घेतलेली असली, तर तेव्हाच्या मालकाने वाट मान्य केल्याचा तो पुरावा ठरू शकतो. जमीनमालकाला नोटीस द्यावी लागते, जुन्या रहिवाशांचे जबाब भरून घ्यावे लागतात. बारा महिन्यांत निर्णय झाला नाही तर अर्जदार मंत्र्यांकडे दाद मागू शकतो. साक्ष देणारे वयाने मोठे असल्याने जबाब आधी आणि अभिलेखागार नंतर, असा क्रम जाणकार सांगतात.