दिवा बॅटरीचा, दुखणं अल्टरनेटरचं

डॅशबोर्डवर बॅटरीच्या चित्राचा एक लाल दिवा असतो. गाडी चालू असताना तो पेटला की आपण निदान करून मोकळे होतो: बॅटरी गेली. मीही एकदा तेच केलं. नवी बॅटरी बसवली, गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली, आनंदीआनंद. दिवा तरीही मधूनच लुकलुकत होता, पण नवीकोरी बॅटरी घातल्यावर त्याच्याकडे बघतो कोण? दुसऱ्या दिवशी रात्री हेडलाइट लावून निघालो. तासाभरात आधी दिवे पिवळे पडले, मग रेडिओ गप्प झाला आणि शेवटी इंजिनच बंद पडलं. नवी बॅटरी पार रिकामी. घरी पडलेली जुनी बॅटरी चार्जरला लावून पाहिली, तर ती ठणठणीत निघाली. गेला होता तो अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या जोरावर वीज बनवणारं यंत्र. त्यातले कार्बनचे ब्रश झिजले होते.

तो दिवा मुळात चार्जिंगचा आहे. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी तो लागायलाच हवा आणि इंजिन सुरू झालं की विझायला हवा. चालत्या इंजिनावर तो पेटला, तर बॅटरीकडे वीज पोहोचत नाहीये किंवा पुरेशी पोहोचत नाहीये, असं समजायचं. उलट बॅटरी म्हातारी होऊन शेवटचे दिवस मोजत असली, तरी हा दिवा बहुधा चकार शब्द काढत नाही. हे चित्र ठरवणाऱ्यानं गोंधळाची सोय आधीच करून ठेवली आहे म्हणायची. काही जुन्या गाड्यांत आणखी गंमत असते. अल्टरनेटरला जागं करणारा सुरुवातीचा प्रवाह याच दिव्यातून जातो. बल्ब उडाला की अल्टरनेटर चार्जिंगच सुरू करत नाही, आणि इशारा द्यायला दिवाही उरत नाही.

बॅटरी म्हणजे साठा, अल्टरनेटर म्हणजे आवक. सेल्फ मारताना स्टार्टर मोटर काही क्षण शंभर-दोनशे अँपिअर ओढते, डिझेल इंजिन असेल तर त्याहून जास्त. एवढा झटका बॅटरीच देऊ शकते. इंजिन फिरू लागलं की इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर दिवे, पंखा, इंधनपंप, इंजिनचा कॉम्प्युटर असं सगळं पोसतो आणि बॅटरीतून गेलेलंही भरून देतो. म्हणूनच जुना मेकॅनिक बॉनेट उघडण्याआधी विचारतो, ‘कधी झालं? उभी असताना की चालताना?’

रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी उठत नाही, पण एकदा सुरू झाली की दिवसभर तक्रार नाही, तर संशय बॅटरीवर. सेल्फ मारल्यावर टक-टक-टक असा भरभर आवाज येतो, तो बॅटरी बसल्याचा. स्टार्टरवरचा सोलेनॉइड (विजेनं ओढला जाणारा स्विच) ओढला जातो, त्याच क्षणी व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, व्होल्टेज सावरतं, तो पुन्हा ओढला जातो. एकच ठोक ‘टक्’ आला आणि दिवे जराही मंद झाले नाहीत, तर मात्र स्टार्टर किंवा त्याची वायर पाहायची.

चालता चालता सुरू झालेला त्रास बहुतेक वेळा आवकीचा असतो. दिवे हळूहळू मंदावतात; कधी अॅक्सिलरेटर दाबला की उजळतात आणि सिग्नलला थांबलं की पुन्हा पडतात. पट्टा घसरत असेल तर किंचाळतो, विशेषतः पावसात किंवा गाडी नुकतीच सुरू केल्यावर. नव्या गाड्यांत याच वेळी डॅशबोर्डवर दिवाळी होते: एबीएस, स्टीअरिंग, चेक इंजिन, सगळं एकदम. इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग भरपूर प्रवाह खातं, त्यामुळे व्होल्टेज घसरलं की ते लवकर हात वर करतं. बिघाड वाचणारा स्कॅनर लावला की बिघाडाचे पाच-सहा कोड निघतात आणि मालकाच्या पोटात गोळा येतो. पण एकाच क्षणी पाच वेगवेगळे भाग बिघडत नसतात. सगळ्या दिव्यांनी एकदम डोकं वर काढलं, तर आधी व्होल्टेज मोजायचं, कोड नंतर वाचायचे.

साधा मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) असला की हे भांडण दहा मिनिटांत मिटतं. त्याची दोन टोकं बॅटरीच्या दोन टर्मिनलवर ठेवायची. गाडी रात्रभर उभी असावी. नुकतीच चालवून आणलेल्या बॅटरीचा आकडा फुगलेला असतो. तसं असेल तर मिनिटभर हेडलाइट लावून, बंद करून मग मोजा. 12 व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी साधारण 2.1 व्होल्टचे, म्हणून भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते. 12.2 म्हणजे निम्मी, 11.9 म्हणजे जवळजवळ रिकामी. चार्ज करूनही आकडा 10.5 च्या घरातच अडकून राहिला तर एक सेल मेला असं समजा, ती बॅटरी काही परत यायची नाही. आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघा. 12.6 दाखवणारी बॅटरी सेल्फच्या ओझ्याखाली साडेनऊच्या खाली गेली, तर तिचा 12.6 हा नुसता देखावा होता. उभ्या गाडीत व्होल्टेज चांगलं म्हणून बॅटरी चांगली, ही चूक मेकॅनिकसुद्धा करतात.

इंजिन सुरू झाल्यावर तीच टोकं तिथेच ठेवा. आकडा 13.8 ते 14.5 च्या दरम्यान गेला तर आवक चालू आहे. हेडलाइट, एसीचा पंखा, मागच्या काचेचा हीटर सगळं लावूनही तो साधारण 13 च्या वर टिकायला हवा. सुरू होण्याआधी 12.4 आणि नंतरही 12.4, मग हळूहळू 12.2, 12.1, तर गाडी साठ्यावर जगते आहे. 15 च्या बराच वर गेला तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय. अशी बॅटरी तापते, फुगते, सडक्या अंड्यासारखा वास सोडते. तिच्यातून हायड्रोजनही निघतो, तेव्हा जवळ ठिणगी नको. एक अपवाद लक्षात असू द्या: अलीकडच्या काही गाड्यांत अल्टरनेटरवर कॉम्प्युटरचा ताबा असतो आणि इंधन वाचवायला तो मुद्दाम चार्जिंग कमी करतो. तिथे एकदा कमी आकडा दिसला म्हणून लगेच अल्टरनेटर उतरवू नका. सगळे दिवे लावून पुन्हा मोजा.

या दोघांच्या भांडणात तिसराच चोर सुटून जातो, आणि माझ्या मते अचानक आलेल्या त्रासात सर्वांत आधी त्यालाच पकडायला हवं. सैल टर्मिनल, त्यावर साचलेली पांढरी-हिरवी बुरशी, किंवा इंजिन आणि बॉडीला जोडणारी अर्थिंगची पट्टी. बॅटरी चांगली, अल्टरनेटर चांगला, पण मधला सांधाच कुजका. लक्षणं तऱ्हेवाईक असतात: खड्ड्यात गाडी आदळली की सगळं बंद, पुढच्या खड्ड्यात पुन्हा सुरू. इंडिकेटर लावला की दुसराच दिवा लुकलुकतो. तपासणी सोपी आहे. सेल्फ मारताना मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर तेवढं व्होल्टेज वाटेतच सांडतंय. टर्मिनल हातानं हलवून हललं, तर मल्टिमीटरचीही गरज नाही.

एक दुखणं असं आहे की त्यात अल्टरनेटरच बॅटरीचं सोंग घेतो. अल्टरनेटर आतून एसी (उलटसुलट वाहणारी) वीज बनवतो आणि प्रवाह एकाच दिशेनं जाऊ देणारे डायोड तिची डीसी (एकाच दिशेची) करतात. एखादा डायोड फुटला की गाडी बंद असतानाही बॅटरीची वीज उलट्या वाटेनं अल्टरनेटरमधून झिरपत राहते. सकाळी बॅटरी बसलेली, दिवसा चार्जिंग बऱ्यापैकी, लक्षणं शंभर टक्के बॅटरीची. बॅटरी बदलली तरी आठवड्यात पुन्हा तेच. कुलूपबंद, झोपलेल्या गाडीनं साधारण 50 मिलिअँपिअरहून जास्त खाऊ नये. मात्र दार बंद केल्यावर सगळे कॉम्प्युटर झोपायला अर्धा तासही लागू शकतो, त्याआधी मोजलेला आकडा घाबरवतो. डिकीतला विसरलेला 5 वॉटचा बल्ब रोज जवळपास 10 अँपिअर-तास खातो. छोट्या गाडीची बॅटरी असते 35 ते 45 अँपिअर-तासांची. बल्ब सापडला नाही तर अल्टरनेटरची जाड वायर सोडवून गळती थांबते का ते पाहतात. ती सोडवण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढायला विसरू नका, नाहीतर पान्याला ठिणगी.

मल्टिमीटर नसेल तर जंप-स्टार्टही, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबल जोडून गाडी सुरू करणं, बरंच सांगून जातो. केबल काढल्यावर थोड्याच वेळात इंजिन गचकलं तर आवक बंद. चालत राहिलं, पण दुसऱ्या सकाळी पुन्हा तोच तमाशा, तर बॅटरी किंवा गळती. चालू इंजिनावर बॅटरीचं टर्मिनल काढून ‘गाडी चालू राहिली म्हणजे अल्टरनेटर चांगला’ ठरवायची जुनी युक्ती मात्र कुणी सांगितली तरी करू नका. बॅटरी एकदम सुटली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर कित्येक पटींनी उसळतं. कॉम्प्युटर नसलेल्या गाड्यांत ते खपून जायचं, आजच्या गाडीत त्या एका झटक्यात महागडे बोर्ड जळतात.

आणि दोघं एकत्रही मरतात. थकलेली बॅटरी सतत भुकेली राहते आणि अल्टरनेटरला दिवसरात्र राबवून तापवते. म्हणून पूर्ण बसलेली बॅटरी घालून ‘फिरवून आणतो, होईल चार्ज’ म्हणण्यापेक्षा ती आधी चार्जरला लावावी.

रस्त्यात तो लाल दिवा पेटलाच, तर इंजिन बंद करू नका. पुन्हा सुरू होईलच याची खात्री नाही. एसी, रेडिओ, मागचा हीटर, फोनचं चार्जिंग बंद करा. दिवसा अशी गाडी साठ्यावर बऱ्यापैकी अंतर काढते, रात्री हेडलाइटमुळे ते घटतं. एवढं करताना एक डोळा तापमानाच्या काट्यावर ठेवा. बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर चालतात. दिव्यापाठोपाठ काटाही वर चढू लागला तर पट्टा तुटला आहे. तेव्हा मात्र गाडी तिथेच बाजूला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा.