एमएस आणि मेंदूचा रक्तप्रवाह: शिरांच्या वादाची पार्श्वभूमी

हातापायांना बधिरता आली किंवा चालताना तोल जाऊ लागला की जळगाव-धुळ्याकडे घरची माणसे ‘मेंदूला रक्त कमी पडतंय’ असे म्हणून मोकळी होतात. मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू व मज्जारज्जूतील मज्जातंतूंचे आवरण झिजवते; त्याच्या बाबतीत हे अर्धेच खरे आहे.

निरोगी प्रौढाच्या मेंदूला दर मिनिटाला 100 ग्रॅममागे सुमारे 50 मिलिलिटर रक्त मिळते. 1940च्या दशकात नायट्रस ऑक्साइड हुंगवून, मेंदूकडे जाणाऱ्या आणि तेथून परतणाऱ्या रक्तातील त्याचे प्रमाण ताडून, हा आकडा माणसात प्रथम मोजला गेला. पुढे एमआरआयमुळे मोजणी सोपी झाली आणि एमएसच्या रुग्णांत, जिथे चट्टे (आजाराने इजा झालेल्या जागा) दिसत नाहीत अशा मेंदूच्या पांढऱ्या भागातही, प्रवाह मंदावलेला आढळला.

या मंदपणाचे कारण शोधताना 2009 मध्ये इटलीतून एक दावा पुढे आला: मानेतील व छातीतील शिरा अरुंद झाल्याने रक्त तुंबते आणि त्यातूनच एमएस होतो. चट्टे बारीक शिरांभोवती असतात हे 1863 पासून ठाऊक असल्याने कल्पना पटण्याजोगी होती. मात्र पुराव्याआधी उपचाराचाच बाजार उभा राहिला. शिरेत फुगा घालून ती रुंद करून घेण्यासाठी कॅनडातील रुग्ण पदरचे पैसे मोडून भारतापर्यंत आले. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2012 मध्ये इजा आणि मृत्यूंचा इशारा दिला. 2013 मधील कॅनडातील तपासणीत शिरांचा अरुंदपणा रुग्णांच्या निरोगी भावंडांत आणि इतरांतही जवळपास तितकाच आढळला. 2017 मध्ये, खरी आणि लुटुपुटीची प्रक्रिया यांची तुलना करणाऱ्या इटलीतील चाचणीत, फुग्याचा उपयोग दिसला नाही. इतक्या रुग्णांनी आशेवर पैसे घालवल्यानंतर ही चाचणी झाली, हे मला अजूनही खटकते.

2013 मध्येच बेल्जियममधील एका अभ्यासाने धमन्या आकुंचित करणाऱ्या एंडोथेलिन या शरीरातील रसायनाकडे बोट दाखवले. त्याला अडवणारे औषध दिल्यावर रुग्णांचा प्रवाह वाढला. त्याने आजार मागे हटतो, असे मात्र सिद्ध झालेले नाही.

खानदेशात याला उन्हाची जोड मिळते. भुसावळचा पारा 45 अंशांवर गेला की रुग्णाची नजर धूसर होते, पाय जड पडतात आणि घरचे पुन्हा रक्ताकडेच वळतात. शरीराचे तापमान किंचित वाढले तरी आवरण झिजलेल्या मज्जातंतूंतून संदेश नीट जात नाहीत, हे त्यामागचे मुख्य कारण. अंग थंड झाले की त्रास बहुधा ओसरतो.