गोठ्यात आलेला पाहुणा रोग आणि पहिला फोन

गावी जाऊन अमेरिकेत परतणाऱ्या माणसाला विमानतळावर एक प्रश्न असतोच, शेतावर गेला होतात का, गुराढोरांना हात लावलात का. आपल्याला वाटतं यांना काय करायचंय आमच्या गोठ्याशी. पण त्यामागे आपल्या चांगल्या ओळखीचा रोग आहे, लाळ्या खुरकूत. तोंड आलेली, लाळ गाळत लंगडणारी गाय दिसली की आपल्याकडे शेतातला पोरगाही नाव सांगेल. अमेरिकेत हा रोग शेवटचा आला १९२९ साली, कॅलिफोर्नियात, अर्जेंटिनाचं मांस भरून आलेल्या जहाजावरचं खरकटं डुकरांना घातलं गेलं आणि त्यातून. त्यानंतर नाहीच. म्हणजे आज तिथे प्रॅक्टिस करणाऱ्या बहुतेक गुरांच्या डॉक्टरांनी तो फोटोतच बघितलाय.

मग उद्या खरंच आला तर ओळखणार कोण? सरकारी डॉक्टर काही रोज प्रत्येक फार्मवर जात नाही, जातो तो नेहमीचा खाजगी डॉक्टर, ज्याला शेतकरी म्हणतो की बघा हो ही दोन जनावरं कालपासून खात नाहीयेत. इथे उपयोगी पडतं ते अक्रेडिटेशन, म्हणजे सरकारी मान्यता, जी अमेरिकेच्या कृषी खात्याने १९२१ पासून खाजगी डॉक्टरांना द्यायला सुरुवात केली. हे लोक सरकारी नोकर नाहीत, पण काही सरकारी कामं करायचा अधिकार त्यांना असतो आणि सोबत जबाबदारीही. कुत्र्या-मांजरांपुरती एक कॅटेगरी, गाई-डुकरं-घोडे-कोंबड्या सगळं धरून दुसरी. दर तीन वर्षांनी ट्रेनिंग करून ते रिन्यू करावं लागतं.

माझ्या मते यातली सगळ्यात महत्त्वाची अट म्हणजे देशात नसलेल्या रोगाचा नुसता संशय आला तरी लगेच कळवायचं, खात्री होईपर्यंत थांबायचं नाही. फोन राज्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला किंवा एफिसला, एफिस म्हणजे कृषी खात्यातला प्राण्यांचं आरोग्य बघणारा विभाग. मग तिथून बाहेरून येणारे रोग ओळखायचं खास ट्रेनिंग घेतलेला डॉक्टर येतो, नमुने घेतो, ते ठरलेल्या लॅबला जातात. तोवर पहिल्या डॉक्टरने तिथून उठून दुसऱ्या फार्मवर जायचं नाही, कारण बुटांना लागलेलं शेण, गाडीची चाकं, हातातली दोरी, यातूनही व्हायरस पुढे जातो.

आता ही अट पाळणं वाटतं तितकं सोपं नाही बरं का. डुकरांत सेनेका व्हॅली नावाचा एक व्हायरस अमेरिकेत आधीपासूनच आहे, त्याने नाकावर आणि खुरांच्या कडेला फोड येतात आणि ते फोड लाळ्या खुरकूतसारखेच दिसतात, नुसत्या डोळ्यांनी फरक सांगताच येत नाही, लॅबच सांगते. म्हणजे दहा वेळा फोन केला आणि दहाही वेळा सेनेकाच निघाला असं होऊ शकतं, आणि अकराव्या वेळी हात फोनकडे जायला कचरतो. तरीही प्रत्येक वेळी करायचाच. हे काम मला फार मोठं वाटतं.

न केल्यावर काय होतं ते ब्रिटनने २००१ मध्ये बघितलं. फेब्रुवारीत एसेक्समधल्या कत्तलखान्यावर तपासणी करणाऱ्या डॉक्टरला डुकरांवर फोड दिसले, त्याने लगेच कळवलं, त्याचं काम त्याने चोख केलं. पण रोगाचं मूळ सापडलं लांब उत्तरेला नॉर्थम्बरलँडच्या एका डुक्कर फार्मवर, तिथे तो आधीच पसरून बसला होता आणि कुणी कळवलंच नव्हतं, मधल्या दिवसांत मेंढ्या बाजारांतून देशभर गेल्या होत्या. पहिली केस पक्की होईपर्यंत निदान ५७ फार्म लागण झालेले होते. शेवटी ६० लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. त्यातली कितीतरी निरोगी होती, हे वाचून आजही पोटात तुटतं.

या अक्रेडिटेड डॉक्टरांचं दुसरं काम दाखल्यांचं. अमेरिकेतून कुत्रं घेऊन भारतात परतणाऱ्या मराठी कुटुंबांना हे माहीत असेल, आरोग्य दाखल्यावर अक्रेडिटेड डॉक्टरचीच सही लागते आणि वर एफिसचा शिक्का. साधारण नियम असा की जनावर स्वतः तपासल्याशिवाय सही नाही, तपासून दहा दिवस उलटले तर पुन्हा तपासा, आणि कोऱ्या कागदावर सही तर कधीच नाही. चुकीचा दाखला दिला तर अक्रेडिटेशन जाऊ शकतं. लोकांना ही कटकट वाटते, पण आजारी जनावर ट्रकमध्ये चढायच्या आधी त्याला बघणारा हा एवढाच माणूस असतो.

आणि एक केस सांगायलाच हवी. आपल्याकडे कोंबड्यांना राणीखेत होतो, त्याचा जहाल प्रकार अमेरिकेसाठी परका रोग आहे. १९७१ ला तो दक्षिण कॅलिफोर्नियात घुसला तेव्हा जवळपास १.२ कोटी पक्षी मारले गेले. मे २०१८ मध्ये तिथेच पुन्हा आला, घराच्या मागच्या अंगणात पाळलेल्या कोंबड्यांत. या वेळी एका खाजगी डॉक्टरने आजारी कोंबडी थेट सॅन बर्नार्डिनोच्या लॅबला पाठवली आणि तिथे निदान झालं. तरी अंगणातून अंगणात तो फिरत राहिला, १२ लाखांच्या आसपास पक्षी गेले, आणि आटोक्यात यायला जून २०२० उजाडला.