७,३७,००० डॉलर जमल्यावरही

वॉल्टर व्हाइटला नेमके किती पैसे हवे होते, ते 'ब्रेकिंग बॅड' या अमेरिकन मालिकेच्या दुसऱ्या पर्वाच्या पहिल्याच भागात तो मोजून सांगतो. दोन मुलांचं चार-चार वर्षांचं कॉलेज, वर्षाला ४५,००० प्रमाणे ३,६०,००० डॉलर. घरावरचं कर्ज १,३७,०००. घरखर्च महिना २,००० धरून दहा वर्षांचे २,४०,०००. एकूण ७,३७,०००. फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या, मेथ हा अमली पदार्थ बनवू लागलेल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकाचा हा हिशेब चोख आहे. पाचव्या पर्वात त्याच हिशेबाच्या जवळजवळ सातपट, म्हणजे ५० लाख डॉलर, धंद्यातल्या वाट्यासाठी समोर येतात आणि तो नकार देतो.

म्हणून 'परिस्थितीनं बिघडलेला भला माणूस' हे वाचन आम्हाला पटत नाही. पहिल्याच पर्वात त्याचा जुना भागीदार उपचाराचा सगळा खर्च उचलायला तयार होतो. गरज तिथेच भागत होती. वॉल्टर ते पैसे नाकारतो आणि पुन्हा मेथ बनवायला जातो. त्या भागीदाराच्या कंपनीतला आपला वाटा त्यानं पूर्वी ५,००० डॉलरला विकलेला असतो. आता तिची किंमत २.१६ अब्ज डॉलर आहे आणि ती तो दर आठवड्याला तपासून बघतो. दुखावलेला अहंकार आजाराच्या कितीतरी आधीपासून होता. आजारानं फक्त भीती काढून घेतली.

पण अहंकारी माणसं पुष्कळ असतात, ती खून करत नाहीत. तिथवरचा रस्ता लहान पावलांचा आहे. तळघरात कोंडलेल्या क्रेझी-८ या मेथ विक्रेत्याला मारायचं की सोडायचं, हे ठरवताना वॉल्टर कागदावर दोन रकाने आखतो, त्याला खायला देतो, गप्पा मारतो आणि सोडायच्या बेतात असताना फुटलेल्या ताटलीचा एक तुकडा नाहीसा झाल्याचं त्याच्या लक्षात येतं. मारताना तो कोसळून जातो. धंद्यातला साथीदार जेसी याची मैत्रीण जेन गुदमरत असताना वॉल्टर काहीच करत नाही, नुसता उभा राहतो आणि रडतो. मेथ बनवणाऱ्या गेल या दुसऱ्या रसायनतज्ज्ञाचा खून तो जेसीकडून करवून घेतो. मग एका लहान मुलाला विष देण्यापर्यंत मजल जाते. पाचव्या पर्वात मोटरसायकलवरचा एक निरपराध मुलगा टोळीतल्या माणसाच्या गोळीनं मरतो. वॉल्टर जेसीजवळ हळहळ व्यक्त करतो आणि कामाला लागताच शीळ घालू लागतो. पापांची यादी नंतर करता येईल. आधी प्रत्येक कृत्याआधीचा थांबा किती आणि नंतरचा त्रास किती टिकतो, तेवढंच बघत जा. हे दोन्ही आटत जातात.

हे आटणं प्रयोगशाळेतही दिसलं आहे. लंडनमधल्या संशोधकांनी २०१६मध्ये 'नेचर न्यूरोसायन्स'मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ८० जण होते. सहभागी व्यक्तीला नाण्यांनी भरलेल्या बरणीचं मोठं, स्पष्ट चित्र दिसे. आत १५ ते ३५ पौंड असत. किती आहेत, याचा सल्ला तिनं दुसऱ्या जोडीदाराला द्यायचा. कधी फुगवून सांगण्यात तिचा फायदा असे, कधी दोघांचा, तर कधी तिला तोटा सोसून फक्त जोडीदाराचा. स्वतःचा फायदा असला की खोटेपणा फेरीगणिक वाढत गेला. काहींच्या मेंदूचं स्कॅनिंगही झालं. अमिग्डाला या मेंदूतल्या भावनांशी निगडित भागाचा प्रतिसाद खोटेपणाला दर वेळी मंदावत होता आणि ही घट जितकी मोठी, तितकी पुढच्या खोटेपणातली वाढ मोठी.

सर्वांत मोलाचा निष्कर्ष मात्र तिसऱ्या प्रकारातला आहे. स्वतः तोटा सोसून फक्त दुसऱ्यासाठी खोटं बोलणारे बोलले खोटंच, पण त्यांचं खोटं वाढत गेलं नाही. वॉल्टरच्या 'कुटुंबासाठी'वर हा प्रकाश टाकून बघा. नाण्यांची बरणी आणि खून यांत फार अंतर आहे हे मान्य, तरी चढत जाणारा आलेख स्वार्थाकडे बोट दाखवतो, आणि वॉल्टरचा आलेख चढताच आहे.

समर्थनांचा साठाही लागतो. ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड माट्झा या समाजशास्त्रज्ञांनी १९५७मध्ये त्याचे पाच प्रकार मांडले: जबाबदारी नाकारणं, नुकसान नाकारणं, बळी पडलेल्यालाच दोषी ठरवणं, दोष देणाऱ्यांवर उलटणं आणि मोठ्या निष्ठेचा हवाला देणं. जेनचा शोकमग्न बाप विमानवाहतूक नियंत्रक असतो. त्याच्या चुकीतून दोन विमानांची टक्कर होऊन १६७ जण मरतात. त्यावर वॉल्टर शाळेच्या सभेत मुलांना समजावतो की इतिहासातल्या अपघातांत याचा क्रमांक पन्नासावा लागतो. हे नुकसान नाकारणं. कुटुंबाचा हवाला पाचव्या प्रकारात बसतो.

घसरण अटळ नसते, हेही ही मालिकाच दाखवते. जेसी त्याच रस्त्यानं चालतो, गेलवर गोळी तोच झाडतो, पण त्याची टोचणी वाढत जाते. शेवटी तो नोटांची पुडकी लोकांच्या अंगणांत फेकत सुटतो.

इंदुरात एकांकिका लिहिणाऱ्या आणि बसवणाऱ्या मंडळींना याचा थेट उपयोग आहे. नेहमीची चूक अशी: पहिल्या प्रवेशात सज्जन, तिसऱ्यात गुंड, मधला जिनाच गायब. समजा, लोकमान्य नगरातल्या एका भिशीचा हिशेब बघणारे काका आहेत. २० सभासद, २,००० रुपयांप्रमाणे महिन्याला ४०,००० हातात. आधी ते दोन दिवसांसाठी ५,००० वापरून परत ठेवतात. मग परत ठेवायला आठवडा लागतो. मग ज्याचा नंबर लागला त्याला 'पुढच्या महिन्यात' म्हणतात. मग वहीत खाडाखोड होते. पहिल्या वेळी नटानं पैशांना हात लावण्याआधी चांगला थांबा घ्यावा, दुसऱ्या वेळी त्याच्या निम्मा, आणि चौथ्या वेळी चहा पिता पिता खाडाखोड उरकावी. चारही वेळा सारखाच घाम पुसला, तर घसरण दिसणार नाही.

मध्यावर देवासहून आलेल्या मेहुण्याला सगळी तूट भरून द्यायला तयार करा. काकांनी पैसे घेतले तर ती गरज होती आणि नाटक तिथेच आटोपतं. नाकारले तर हेतू प्रेक्षकाला कळला. नकाराचं कारण त्यांच्या तोंडी त्याच प्रवेशात घालू नका. 'हे सगळं मी माझ्यासाठी केलं' अशी कबुली वॉल्टर ६२ भागांच्या मालिकेत अगदी शेवटच्या भागात देतो. पंचेचाळीस मिनिटांच्या एकांकिकेत ती शेवटच्या पाच मिनिटांच्या आधी आली, तर उरलेल्या प्रवेशांत नटाला लपवायला काही राहत नाही.